जुनी एम-एटी कोकणात, घरच्या घरी आणि कमी खर्चात पुन्हा चालती करताना

कोकणच्या किनारपट्टीवर एखाद्या घराच्या पडवीत, मांगरात किंवा गोठ्याशेजारच्या खोपीत झापांनी झाकलेली जुनी लुना, टीव्हीएस फिफ्टी किंवा बजाजची एम-एटी आजही सापडते. लुना १९७२ मध्ये बाजारात आली, टीव्हीएस फिफ्टी १९८० मध्ये आली, आणि त्याच दशकात आलेल्या एम-एटीने बंदरावरची मासळी, नारळाची पोती आणि दुधाच्या किटल्या वाडीवाडीपर्यंत पोहोचवल्या. या गाड्यांची इंजिने लहान, हवेवर थंड होणारी, एकाच सिलिंडरची आणि टू-स्ट्रोक आहेत. त्यांच्या हेडमध्ये व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, आणि मोजके पाने व एक-दोन पुलर (घट्ट बसलेले भाग ओढून काढणारी हत्यारे) हाताशी असले तर ती घरच्या अंगणात शेवटच्या बेअरिंगपर्यंत उकलता येतात. राजदूतची जीटीएस, जिला लोक 'बॉबी' म्हणत, ही आपल्याकडची खऱ्या अर्थाने मिनीबाइक; परंतु तिला आता संग्राहकांच्या बाजारातली किंमत आली आहे, त्यामुळे बेताच्या पैशांत काम करू पाहणाऱ्याने तिच्या मागे लागू नये, असे माझे मत आहे. पुढचे विवेचन मुख्यतः एम-एटी डोळ्यांपुढे ठेवून केले आहे, तरी लुना आणि टीव्हीएस फिफ्टीलाही त्यातले बहुतेक सारे लागू पडते.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली पाहिजे. घाटावरच्या कोरड्या हवेत जुनी गाडी नवी करण्याचा जो क्रम सांगितला जातो, तो जसाच्या तसा किनाऱ्यावर चालत नाही. तिथे गंज म्हणजे पत्र्यावरचा लाल थर असतो आणि तो घासून रंग दिला की काम भागते. इथे त्या गंजाच्या आत मीठ बसलेले असते, आणि मीठ आत ठेवून वरून कितीही उत्तम रंग दिला तरी पहिल्या पावसाळ्यातच त्याला फोड येतात. म्हणून कोकणात पैसा आणि कष्ट प्रथम मीठ काढण्यावर, मग इंजिनाची सीले आणि बेअरिंगे यांवर, मग ब्रेकवर, आणि उरले तर चकाकीवर खर्च करावेत. बहुतेक जण नेमका उलट क्रम धरतात, आणि चांगल्या गाड्या त्यामुळेच दुसऱ्यांदा खोपीत जातात.

कागद आधी, पाना नंतर

गाडी कितीही आवडली तरी तिचे नोंदणी पुस्तक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. खाजगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. त्यानंतर फॉर्म २५ भरून, आरटीओत गाडी दाखवून आणि पर्यावरण कर भरून ती ५ वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. खोपीतल्या गाडीची ही मुदत बहुधा केव्हाच उलटून गेलेली असते. उशिराचा दंड आणि नूतनीकरणाचे शुल्क मिळून होणारी रक्कम गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकते, म्हणून रत्नागिरीच्या एमएच-०८, सिंधुदुर्गाच्या एमएच-०७ किंवा रायगडाच्या एमएच-०६, ज्या कार्यालयाकडे नोंद असेल तिथे जाऊन आकडा आधी विचारून घ्यावा. जुन्या हस्तलिखित पुस्तकांची नोंद परिवहनच्या संगणकावर अनेकदा चढलेली नसते. तसे असल्यास ती आधी चढवून घ्यावी लागते.

कोकणातल्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण नेहमी येते. चाकरमानी मुंबईत वापरलेली गाडी गावी आणून ठेवतात, नोंद मुंबईतल्या कार्यालयाची राहते, आणि मूळ मालक पुढे हयात नसतो. विक्रीसाठी फॉर्म २९ आणि ३०, मालकाच्या निधनानंतर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१, आणि दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीत नेण्यासाठी फॉर्म २८ वरचा ना-हरकत दाखला, अशी ही वाट आहे. ती लांब आहे, पण सरळ आहे. गणपतीला किंवा मे महिन्यात सगळे भाऊबंद गावी जमतात, तेव्हाच वारसांच्या सह्या घेऊन ठेवाव्यात. नुसत्या इंजिनाच्या आणि चासीच्या भरवशावर, पुस्तक नसलेली गाडी मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये. ती फक्त सुट्या भागांसाठी उपयोगी समजावी.

'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद मिळेल अशी काहींची समजूत असते. २०२१ च्या नियमांप्रमाणे ती सोय पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठीच आहे, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. अगदी पहिल्या काळातल्या लुनाच आता त्या वयात पोहोचत आहेत; एम-एटीला अजून अवकाश आहे. परवान्याचेही लक्षात ठेवावे: बिनगिअरची ५० सीसीपर्यंतची गाडी १६ व्या वर्षापासून परवाना काढून चालवता येते, पण गिअरच्या एम-एटीसाठी १८ वर्षे पूर्ण असावी लागतात.

गाडी कुठून कुजते ते पाहणे

मासळी वाहिलेली एम-एटी मागून कुजते. कॅरिअरवरच्या टोपलीतून गळणारे खारे पाणी मागच्या मडगार्डवर, चासीच्या सांध्यांवर, सायलेन्सरवर आणि मागच्या चाकाच्या आऱ्यांवर वर्षानुवर्षे पडलेले असते. घरी उभी राहिलेली गाडी मात्र खालून कुजते, कारण पडवीच्या जमिनीची ओल स्टँड, सायलेन्सरचे पोट आणि रिम यांना लागत राहते. म्हणून पाहायला जाताना टॉर्च, एक बोथट स्क्रूड्रायव्हर आणि लहान हातोडी न्यावी. पत्र्याच्या चासीवर, विशेषतः दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसवून जोडले आहेत तिथे, हातोडीने हलके ठोकून आवाज ऐकावा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे, बद्द आवाज आला तर स्क्रूड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. टोक आत गेले तर तिथे पत्रा वेल्डिंग करून लावावा लागेल आणि तो खर्च वरचा धरावा. स्टिअरिंगच्या मानेजवळ किंवा मागचा चिमटा (मागचे चाक धरणारा भाग) जिथे चासीला जोडला आहे तिथे भोके असतील तर गाडी सोडून द्यावी, कारण तिथली तडजोड जिवावर बेतू शकते.

किक खाली जात नसेल तर घाबरण्याचे कारण नाही. जाम इंजिन बहुतेक वेळा सुटते. उलट जाम इंजिनामुळे किंमत कमी करून घेता येते. माझ्या हिशेबाप्रमाणे गाडीची खरेदी एकूण खर्चाच्या एक तृतीयांशाच्या आत बसली पाहिजे, आणि उरलेल्या पैशांतला निम्मा वाटा इंजिनासाठी राखून ठेवला पाहिजे.

उकलणे

दिवाळी ते शिमगा हा या कामाचा काळ. पावसाळ्यात उकलून ठेवलेली गाडी स्वच्छ केलेल्या भागांवरच पुन्हा गंज धरते. सुरुवातीला मोबाइलने सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आणि विशेषतः केबल कुठून कशी फिरवली आहे व वायरींचे कोणते रंग कशाला जोडले आहेत, हे जवळून टिपून ठेवावे. आंब्याच्या रिकाम्या पेट्या यासाठी फार सोयीच्या पडतात: एका पेटीत पुढचे चाक आणि ब्रेक, दुसरीत मागचे, तिसरीत इंजिन, आणि प्रत्येक नट-बोल्टची जोडी आपापल्या जागेच्या नावाच्या चिठ्ठीसह.

किनाऱ्यावर नट-बोल्ट सहजासहजी सुटत नाहीत. डिझेल आणि पातळ तेल समभाग मिसळून रोज संध्याकाळी प्रत्येक सांध्यावर थेंब सोडावेत आणि काही दिवस वाट पाहावी. इंजिनाच्या केसिंगचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने फिरवण्याचा आग्रह धरल्यास खाच जाते. त्यासाठी हातोडीचा ठोका बसताच फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर विकत घ्यावा. या साऱ्या कामात नव्याने पैसे घालून घेण्यासारखी हत्यारे दोनच आहेत, एक हा ड्रायव्हर आणि दुसरा मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या) टोकावरचे चुंबकी चाक, काढण्याचा आट्यांचा पुलर. मॅग्नेट हातोडीने ठोकून किंवा कडेला पाने अडकवून ओढून काढू नये. तसे केल्यास त्याची कड तुटते, क्रँकचे टोक वाकते आणि स्वस्तात होणारे काम महाग होते.

मीठ बाहेर काढणे

गंज हा सच्छिद्र असतो आणि समुद्राच्या हवेतले क्लोराइड त्याच्या छिद्रांतून थेट लोखंडाच्या पृष्ठभागापर्यंत जाऊन बसते. हवेत ओल असली की ते पुन्हा कामाला लागते. वाळूच्या कागदाने घासल्यावर पत्रा चकचकीत दिसतो, पण खळग्यांतले मीठ तिथेच राहते. याची साधी परीक्षा आहे: घासलेला भाग रात्रभर उघड्यावर ठेवावा, सकाळी त्यावर ठिपक्याठिपक्यांनी तांबूस गंज उमटला तर मीठ आत आहे.

चासी, चिमटा, स्टँड, मडगार्ड असे लोखंडी भाग आधी खरवडून, तारेच्या ब्रशने घासून घ्यावेत आणि मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून ठेवावेत. समुद्रातून काढलेल्या लोखंडी वस्तू जतन करतानाही अल्कधर्मी पाण्यात भिजवूनच त्यांतले क्लोराइड काढले जाते. आपण घरी करतो ते त्याचेच सोपे रूप आहे. पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. हे पाणी गोडे असले पाहिजे. किनाऱ्याला लागून असलेल्या अनेक विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते, आणि त्या पाण्यात लोखंड भिजवणे म्हणजे काढलेले मीठ परत घालणे होय. मोठी चासी पिंपात मावत नाही. अशा वेळी तिला सोड्याच्या पाण्यात भिजवलेली पोती गुंडाळून ती ओली ठेवावीत आणि शेवटी भरपूर गोड्या पाण्याने धुवावे.

लहान भागांसाठी विजेची पद्धत अधिक परिणामकारक आहे. प्लास्टिकच्या बादलीत सोड्याचे पाणी घेऊन, १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार एखाद्या टाकाऊ लोखंडी सळीला जोडावी; दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नयेत. बुडबुडे येऊ लागतात, गंज सैल होऊन काळा पडतो आणि ब्रशने निघतो. यात निघणारा वायू हायड्रोजन असतो, म्हणून हे काम उघड्या अंगणातच करावे आणि जवळ विडी-काडी पेटवू नये. धन बाजूला स्टेनलेस स्टीलचे काही लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. ॲल्युमिनियमचे भाग सोड्यात अजिबात बुडवू नयेत, ते खाल्ले जातात. आणि स्प्रिंगा विजेच्या पद्धतीने साफ करू नयेत, कारण त्या ठिसूळ होऊन मोडण्याचा धोका असतो.

पेट्रोलची टाकी आतून गंजलेली असेल तर लिंबूसत्त्व वापरावे. १ लिटर कोमट पाण्यात ५० ते १०० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून टाकी काठोकाठ भरावी, रात्रभर ठेवावी, मग आत मूठभर नट घालून हलवून ओतून द्यावे. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून, गोड्या पाण्याने धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून, लगेच आत थोडे टू-टी तेल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळायचे तेल) फिरवावे. घरात पितळेची भांडी कोकमाने उजळतात, म्हणून काही जण टाकीसाठी कोकमाचे आगळ सुचवतात. त्यात आंबटपणाबरोबर भरपूर मीठही घातलेले असते, तेव्हा ते गाडीच्या जवळपासही आणू नये. टाकीला भोक असेल तर ती घरी झाळू नये आणि वेल्डिंगलाही देऊ नये. रिकाम्या टाकीत राहिलेली पेट्रोलची वाफ स्फोटाला पुरेशी असते. ज्याला टाक्या आणि रेडिएटर झाळण्याचा सराव आहे अशा कारागिराकडेच ती द्यावी.

एक सूचना विसरू नये. चासीवर आणि इंजिनावर कोरलेले क्रमांक आरटीओत पेन्सिलीने उमटवून घेतले जातात. तो भाग ग्राइंडरने घासू नये, त्यावर लांबी (पुट्टी) भरू नये, आणि रंगाचाही पातळच हात द्यावा.

इंजिन

जाम इंजिनाचा प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि तेलाचे मिश्रण सोडावे आणि आठवडाभर तसेच ठेवावे. मग मॅग्नेट हातात धरून दोन्ही दिशांना हलके हलके झुलवावे. किकवर उभे राहून जोर लावला तर किकचे दात तुटतात. हेड आणि ब्लॉक काढल्यावर बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, पाहावा: नखाला न लागणारे डाग होनिंगने (बारीक घासणीने) जातात, नख अडकेल असे ओरखडे किंवा गंजाचे खड्डे असतील तर रिबोअर करून, म्हणजे बोअर कापून मोठा करून, ०.२५ किंवा ०.५० मिमी मोठा पिस्टन घालावा लागतो. हे काम लेथवरच होते. रत्नागिरीहून आंबा घाटाने आणि सिंधुदुर्गातून गगनबावड्याच्या किंवा फोंड्याच्या वाटेने कोल्हापूर गाठता येते, आणि तिथल्या उद्यमनगरात लहान इंजिनांची अशी कामे करणारे कसबी कारागीर आहेत. ब्लॉक देण्यापूर्वी नवा पिस्टन विकत घेऊन सोबत द्यावा, म्हणजे बोअर त्या पिस्टनच्या मापानेच केला जाईल. रिबोअर झाल्यावर पोर्टांच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायू ये-जा करण्याच्या खिडक्यांच्या) धारदार कडा किंचित मोडून मागाव्यात, नाहीतर रिंगा तिथे अडकून तुटतात.

पिस्टन बसवताना त्याच्या डोक्यावरचा बाण एक्झॉस्टच्या दिशेने असावा, आणि रिंगांची तोंडे खाचेतल्या लहान पिनांवर नेमकी बसलेली असावीत. पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या गजन पिनच्या दोन्ही सर्क्लिप नव्याच घालाव्यात. त्या काही रुपयांत येतात. जुनी निसटली तर सारा बोअर जातो.

आता ज्या भागाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते त्याविषयी. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी क्रँकच्या खोलीत येते आणि तिथून वर जाते. ती खोली दोन्ही बाजूंनी रबरी ऑइल सीलांनी बंद केलेली असते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीची ही सीले कडक होऊन त्यांचे ओठ चिरतात. मॅग्नेटच्या बाजूचे सील गेले तर बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन चढ्या आवाजात फिरत राहते आणि एखाद्या चढावर पिस्टन धरतो, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकतो. क्लचच्या बाजूचे सील गेले तर गिअर ऑइल आत ओढले जाते, बाहेर कुठे गळती न दिसता तेल कमी होत राहते, आणि सायलेन्सरमधून दाट पांढुरका धूर येतो. कार्बोरेटर पुन्हा पुन्हा उघडून ही लक्षणे जात नाहीत. इंजिन एकदा उकललेच आहे तर दोन्ही सीले आणि क्रँकची दोन्ही बेअरिंगे बदलूनच ते बंद करावे. पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवावेत, इथे नाही. बेअरिंगे क्रमांकावरून कोणत्याही चांगल्या बेअरिंगच्या दुकानात मिळतात, त्यासाठी गाडीच्या नावाचा डबा लागत नाही. कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहावा. आडवी थोडी हालचाल चालते, पण वर-खाली खेळ जाणवला तर क्रँकही लेथवाल्याकडे द्यावा लागतो.

एक्झॉस्टच्या तोंडातला कोळसा बांबूच्या काडीने खरवडावा, लोखंडी हत्याराने नाही. पोट सडले नसेल तर सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने आतून साफ होतो. रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय तो सोडा हाताळू नये, आणि तो ॲल्युमिनियमवर पडू देऊ नये.

कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल जाण्याची बारीक भोके असलेले भाग) तारेने कोचू नयेत. पेट्रोलमध्ये भिजवून हवेच्या झोताने फुंकावेत. पॉइंट (ठिणगीसाठी विजेची वाट उघडझाप करणारे संपर्क) असलेल्या मॅग्नेटमध्ये त्यांची फट साधारण ०.३५ ते ०.४५ मिमी आणि प्लगची ०.५ ते ०.६ मिमी ठेवावी; पॉइंटवर निळसर मोठी ठिणगी उडत असेल तर कंडेन्सर बदलावा. ठिणगीच येत नसेल तर कॉइल विकत घेण्यापूर्वी अर्थिंग पाहावे. इथल्या हवेत वायरीचे तांबे आवरणाच्या आत हिरवे पडते आणि चासीला जोडलेली कडी गंजाने वेगळी पडते. निम्मे दोष ती जागा घासून उजळ केली की संपतात.

चाके, केबल आणि ब्रेक यांविषयी थोडक्यात सांगता येईल. आरे बदलून चाक सरळ करण्याचे काम गावातला सायकलवाला उत्तम करतो. केबल सगळ्या नव्या घालाव्यात; एम-एटीचे गिअर मुठीत असल्याने जुनी, अडकणारी केबल क्लचप्लेटचा दोष असल्याचा भास निर्माण करते. ब्रेकचे जुने लायनर घासताना उडणारी धूळ ॲस्बेस्टॉसची असू शकते, म्हणून ती फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. बेअरिंगांना आणि सर्व सांध्यांना बंदरावर बोटींसाठी मिळणारे पाणीरोधक ग्रीस भरावे. मिरकरवाड्यासारख्या बंदराजवळच्या दुकानांत ते सहज मिळते, आणि बोटीची इंजिने दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकांइतके खाऱ्या पाण्याचे ज्ञान दुसऱ्या कोणाला नसते. स्टेनलेसचे बोल्ट दिसायला चांगले असले तरी ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये ते घालू नयेत. खाऱ्या ओलाव्यात या दोन धातूंच्या सांध्यात ॲल्युमिनियम झिजते आणि आटे जातात. जस्ताचा मुलामा असलेले साधे बोल्ट ग्रीस लावून घालणे हेच इथे शहाणपणाचे.

रंग

रंग मूळचाच ठेवावा. बदलला तर त्याची नोंद पुस्तकात करून घ्यावी लागते, आणि तो खर्च व खटाटोप टाळता येण्यासारखा आहे. नुसत्या रेड ऑक्साईडवर भिस्त ठेवू नये, तो ओल आत जाऊ देतो. दोन भाग मिसळून लावायचा एपॉक्सी प्रायमर थोडा महाग असला तरी किनाऱ्यावर तोच टिकतो. धुतलेला पत्रा त्याच दिवशी उन्हात वाळवून त्याच दिवशी प्रायमरखाली गेला पाहिजे, कारण एका रात्रीच्या दमट वाऱ्यात त्यावर पुन्हा मीठ आणि गंज येतो. दव पूर्ण उडाल्यावर रंगाला सुरुवात करावी आणि दुपारी समुद्रावरचा वारा जोर धरण्यापूर्वी काम आटोपावे. हवेत ओल असताना दिलेला एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढुरका पडतो. तसे झाले तर वर दुसरा हात देऊन उपयोग नाही, तो कोरड्या दिवशी घासून पुन्हाच द्यावा लागतो.

चासीच्या पोकळ भागाला आतून रंग पोहोचत नाही. मेण गरम तेलात विरघळवून, कोमट असतानाच ते भोकांतून आत ओतावे, चासी सगळ्या बाजूंना फिरवावी आणि जादा तेल निथळू द्यावे. पाणी निघून जाण्याची मूळची भोके मात्र काडीने मोकळी करून ठेवावीत.

पेट्रोल आणि पहिले ५०० किलोमीटर

आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉल हवेतली ओल शोषून घेते. कोकणातल्या हवेत अर्धी भरलेली टाकी महिनाभर उभी राहिली तर तळाशी पाणी साचते आणि टाकी पुन्हा गंजते. जुन्या रबरी नळ्या आणि कॉकची पॅकिंगे इथेनॉलने फुगतात, तेव्हा ती सर्व नव्या प्रतीची घालावीत आणि टाकीत थोडेच पेट्रोल ठेवून ते लवकर संपवावे. तेलाचे प्रमाण गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे असावे. हिशेब असा की १ लिटरला २० मिली म्हणजे १:५०, आणि ४० मिली म्हणजे १:२५. नव्या बोअरवर सुरुवातीला तेल थोडे वाढवावे, पण अंदाजाने ओतू नये, कारण तेल वाढले की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जाते.

पहिले ५०० किलोमीटर एकाच गतीने लांबवर पळवू नये आणि मागे माणूस किंवा ओझे घेऊ नये. पहिल्यांदा इंजिन तापून थंड झाल्यावर हेडचे नट समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा आवळावेत. प्लग काढून पाहावा: तपकिरी असेल तर ठीक, काळा ओला असेल तर मिश्रण दाट, आणि पांढरा असेल तर गाडी तिथेच थांबवून हवा कुठून शिरते ते शोधावे.

घाटात चढापेक्षा उतार या इंजिनांना अधिक घातक असतो. उतारावर ॲक्सिलरेटर बंद करून गिअरमध्ये गाडी सोडली की चाके इंजिनाला वेगाने फिरवत राहतात, पण पेट्रोल जवळजवळ जातच नाही, आणि तेल पेट्रोलमधूनच जात असल्यामुळे पिस्टन कोरडा पडतो. म्हणून लांब उतारावर दर काही क्षणांनी क्लच दाबून ॲक्सिलरेटर थोडा उघडावा आणि गती ब्रेकने आवरावी. ब्रेकचे लायनर नवे हवेत ते याचसाठी.

पावसाळ्यात गाडी वापरायची नसेल तर जूनच्या आधी टाकी आणि कार्बोरेटरची वाटी पूर्ण रिकामी करावी. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी तेल सोडून किक दोनदा हाताने फिरवावी आणि पिस्टन असा ठेवावा की एक्झॉस्टचे तोंड त्याने बंद राहील. गाडी फळीवर उभी करावी, प्लास्टिकने गच्च झाकू नये, कारण आत साचलेली वाफ उघड्या हवेपेक्षा जास्त नुकसान करते. वर जुनी सुती चादर पुरे. सायलेन्सरच्या तोंडात तेलात भिजवलेले फडके कोंबावे आणि ते तिथे असल्याची चिठ्ठी किकला बांधून ठेवावी, म्हणजे पाऊस संपल्यावर पहिली किक मारणारा, मग तो घरातला कोणीही असो, आधी ते काढील.